‘मिसेसना घेऊन या’ : नागपुरातल्या बँक शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर व जिल्ह्यातील सर्व बँकांचे शाखाधिकारी आणि वसुली विभागप्रमुख

विषय : थकीत शैक्षणिक कर्जापोटी कर्जदाराच्या पती वा पत्नीकडून घेतल्या जाणाऱ्या सह्या आणि पैसे

सप्रेम नमस्कार.

शैक्षणिक कर्जाचे चार-पाच हप्ते थकतात. कर्जदार मुदत वाढवून मागायला शाखेत येतो. फॉर्मवर ‘विवाहित’ दिसलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं : ‘मिसेसना घेऊन या, त्यांचीपण सही लागेल.’ कर्जदार मुलगी असेल तर ‘मिस्टरांना’. दुसऱ्या दिवशी जोडपं येतं, सात-आठ ठिकाणी सह्या होतात, चहाही मिळतो. सही करणाऱ्याला नंतर विचारा, तुम्ही सहकर्जदार झालात, जामीनदार झालात की नुसते साक्षीदार? सांगता येत नाही. कागदाची प्रत तर हातात नसतेच.

या पत्राखाली सही करणारे आम्ही करसल्लागार, निवृत्त बँक कर्मचारी आणि दिवाणी कोर्टात काम करणारे वकील आहोत. हे कागद आमच्या टेबलावर येतात ते सही झाल्यावर, आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून हे पत्र. यात कर्जमाफीची मागणी नाही. घेतलेलं कर्ज फेडायचंच असतं आणि तुमचं काम वसुलीचं आहे, हे आम्हाला मान्य आहे. भांडण आहे ते पैसे कोणाकडून आणि काय सांगून मागता यावर.

आधी कायदा, कारण काउंटरच्या दोन्ही बाजूंना त्याबद्दल गैरसमज आहेत. आपल्याकडे लग्न लागलं म्हणून एकाचं कर्ज दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. इंटरनेटवर अमेरिकेतली माहिती वाचून काही जण जास्तीचे घाबरतात. तिथे केंद्र सरकारचं विद्यार्थी कर्ज थकलं तर नवरा-बायकोने एकत्र भरलेल्या विवरणपत्राचा परतावा सरकार वळता करून घेऊ शकतं, आणि टेक्सास, कॅलिफोर्निया धरून नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई दोघांची समाईक मानली जाते. इथे विवरणपत्र वेगळं, पॅन वेगळं, सिबिलचा (कर्जफेडीच्या नोंदींचा) अहवालही ज्याचा त्याचा. कुटुंबाचा मिळून एक स्कोअर असा प्रकार नाही.

जोडीदार कर्जात येतो तो सहीने. भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे सहकर्जदारांपैकी कोणाही एकाकडून बँक पूर्ण रक्कम मागू शकते, आणि कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून घ्या, उरलं तर माझ्याकडे या’ असं जामीनदाराला म्हणता येत नाही. भारतीय बँक संघाच्या (आयबीए) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत विवाहित विद्यार्थ्याला पती, पत्नी किंवा सासू-सासरे सहकर्जदार म्हणून चालतात. कर्ज घेतानाच विद्यार्थी विवाहित असेल तर ती सही रीतसर आहे, तिच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आम्ही बोलतोय ते, शिक्षण झालं, पैसे खर्च झाले, कर्ज थकलं आणि त्यानंतर लग्न होऊन घरात आलेल्या माणसाच्या सहीबद्दल.

रकमेचा अंदाजही घरच्यांना नसतो. हिंगणा रोडवरच्या किंवा वर्धा रोडवरच्या कॉलेजात चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी साडेसात लाख घेतले, दर वर्षी १,८७,५०० प्रमाणे उचलले, व्याज १० टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळ व्याज चालू असतं. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, चौथीवर दोन वर्षांचं. बेरीज २,६२,५००. म्हणजे पहिला हप्ता लागतो तेव्हा कर्ज १०,१२,५०० असतं. व्याज अनुदान मिळालं असेल तर गोष्ट वेगळी. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता सुमारे १३,३८० रुपये. सोयरीक ठरताना मात्र ‘सात-साडेसात लाखांचं एज्युकेशन लोन आहे थोडं’ एवढंच कानावर जातं. पत्रिकेतले ३६ गुण जुळवून होतात. सिबिलच्या अहवालातही ३६ महिन्यांचे ३६ चौकोन असतात, कोणत्या महिन्यात किती दिवस थकलं ते सांगणारे. ते कोणी मागत नाही.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, सही कोणत्या नात्याने घेता ते सांगत नाही. मुदतवाढीचा अर्ज, पूरक करार, कर्ज मान्य असल्याचं पत्र, जामीनपत्र अशी चळत एकत्र पुढे येते. त्यातलं कर्ज मान्य असल्याचं पत्र कर्जदाराच्या सहीचं. त्याने दावा लावण्यासाठीची मुदत कायद्याची तीन वर्षं नव्याने मोजायला लागतात, ही तुमची गरज आम्ही समजू शकतो. तिथे बायकोच्या सहीचं काय काम? तीच गोष्ट जामीनपत्राची. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जांना २०१५ पासून केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण आहे, बुडालेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत. ही हमी तारण आणि तिसऱ्याचा जामीन न घेता दिलेल्या कर्जासाठी आहे. त्या योजनेखाली कर्ज दिलं, हमीची फी भरली, आणि थकल्यावर नव्या सुनेला जामीनदार करून घेतलं, हे कोणत्या नियमात बसतं ते लेखी सांगा. (कर्जदारांसाठीही एक गोष्ट : निधीने बँकेला पैसे दिले म्हणून तुमचं कर्ज मिटत नाही. वसुली चालूच राहते.)

घाईत तुमचंही नुकसान होतं, हे सांगायला हवं. मूळ कर्जाला मामाचा किंवा काकाचा जामीन असेल आणि त्याला न विचारता तुम्ही कर्जदाराला मुदत वाढवून दिली, तर करार कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे तो जुना जामीनदार सुटू शकतो. छापील जामीनपत्रात हा हक्क सोडल्याचा मजकूर बहुतेक वेळा असतो, पण तो आहे की नाही हे पाहण्याआधीच नवीन सही मागितली जाते. काटोल-नरखेडकडच्या बापाने दहा वर्षांपूर्वी केलेली सही फाइलमध्ये पडून असते आणि तगादा महिनाभरापूर्वी घरात आलेल्या मुलीला.

दुसरी तक्रार मोबाइल नंबरची. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हप्ता थकल्याची माहिती क्रेडिट कंपन्यांना पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवा, असं रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. बँकांनी ही व्यवस्था सुरू केली. पण जोडीदाराची सही घेताना फॉर्मवर नंबर कर्जदाराचाच टाकला जातो, ‘घरातलाच आहे’ म्हणून. मग सगळे इशारे कर्जदाराला जातात. त्याला आपण हप्ता भरला नाही हे माहीतच असतं. जिला कळायला हवं तिला दोन-तीन वर्षांनी, गाडीसाठी किंवा घरासाठी अर्ज केल्यावर कळतं. तोवर चौकोनांत ३०, ६०, ९० चे आकडे भरून झालेले असतात.

या आकड्यांचा हिशेब नेमका आहे. ३१ मार्चचा हप्ता त्या दिवशी आला नाही की खातं त्याच रात्री ‘एसएमए-०’ मध्ये (थकू लागलेल्या खात्यांच्या पहिल्या पायरीवर) जातं, तसंच राहिलं तर ३० एप्रिलला ‘एसएमए-१’, ३० मेला ‘एसएमए-२’ आणि २९ जूनला एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर हे खातं तिच्या अहवालातही दिसतं. बँक परीक्षांच्या क्लासला जाणाऱ्या मुली या शहरात गल्लोगल्ली आहेत. सरकारी बँकांच्या भरतीत क्रेडिट इतिहास स्वच्छ असण्याची अट असते. एका बँकेने घेतलेल्या सहीमुळे दुसऱ्या बँकेतली नोकरी रुजू होताना अडते. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

तिसरी तक्रार, ‘थोडे भरा, खातं नियमित होईल’ हे सांगणं. पाच हप्ते थकले आहेत, म्हणजे ६६,९०० रुपये, आणि खातं एनपीए आहे. बायकोला तीन हप्त्यांचे ४०,१४० भरायला लावले जातात. ती साठवलेले पैसे काढते, नाहीतर सोनं गहाण ठेवते. खातं एनपीएच राहतं, कारण रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाप्रमाणे मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं पुन्हा ‘स्टँडर्ड’ म्हणजे नियमित होत नाही. ही गोष्ट शाखेतल्या प्रत्येकाला माहीत असते. समोरच्या बाईला माहीत नसते. ६६,९०० ची सोय होत नसेल तर ४०,००० भरल्याने थकबाकी कमी होईल पण शिक्का जाणार नाही, एवढं एक वाक्य बोलायला काय हरकत आहे? आणि थकबाकीत दंड किती? १ एप्रिल २०२४ पासून नवीन कर्जांवर आणि जूनअखेरपासून जुन्यांवरही दंडव्याज लावता येत नाही. दंड आकारता येतो, पण त्याच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. जुन्या खात्यांचे उतारे पाहा, हिशेब तपासावा लागेल अशी उदाहरणं तुम्हालाच सापडतील.

सोन्याचा विषय निघालाच आहे तर, बायकोने सुवर्णकर्ज काढून शैक्षणिक कर्ज भरलं की करातली सवलतही बुडते. जुन्या प्राप्तिकर कायद्यातलं ८०ई हे कलम लोकांना पाठ असतं, अटी नसतात. शिक्षणासाठी वित्तसंस्थेकडून स्वतः घेतलेल्या कर्जाचं व्याज स्वतःच्या करपात्र उत्पन्नातून भरलं असेल तरच वजावट, आणि तीही जुन्या करप्रणालीत. कर्ज एकट्या नवऱ्याच्या नावावर आणि भरणारी बायको, तर दोघांनाही काही मिळत नाही. सुवर्णकर्जाच्या व्याजाला तर नाहीच नाही. शिवाय व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून आठ वर्षं मोजली जातात. मध्ये तीन वर्षं कर्ज थकलं तर ती तीनही त्या आठांतूनच जातात. आणि तेच सोनं सोडवायला गेल्यावर ‘शैक्षणिक कर्ज बाकी आहे, दागिने मिळणार नाहीत’ हे ऐकावं लागतं. करार कायद्याच्या कलम १७१ चा बँकेचा सर्वसाधारण धारणाधिकार (देणं फिटेपर्यंत तारण अडवून ठेवण्याचा हक्क) ज्याचं देणं त्याच्या तारणावर चालतो. बायको त्या कर्जात कुठेच नसेल तर तिचे दागिने नवऱ्याच्या कर्जापोटी अडवता येत नाहीत. तिने जामीनपत्रावर सही केली असेल तर मात्र तुम्ही तो अधिकार सांगणार. म्हणजे पुन्हा गाडी सहीवरच येते.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून काय काय वगळलंय, ते एकदा वसुलीच्या मुलांना वाचून दाखवा. कर्जदाराचे आणि त्याच्या बायको-मुलांचे नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्मरूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने. पगारावर जप्ती आली तरी ती हुकूमनामा (दाव्यातला कोर्टाचा निकाल) ज्याच्यावर आहे त्याच्याच पगारावर. त्यातही पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडावे लागतात, आणि एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिन्यांपलीकडे पगार धरता येत नाही. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याने मंगळसूत्र सोडलं. वसुलीचा फोन मात्र ‘घरात सोनं असेलच की’ इथूनच सुरू होतो.

चौथी, संयुक्त खातं. बायकोचा पगार ज्या खात्यात येतो त्यात लग्नानंतर नवऱ्याचं नाव घातलं जातं, सोय म्हणून. त्याच बँकेत नवऱ्याचं शैक्षणिक कर्ज थकलं की एका सकाळी त्या खात्यावर ‘होल्ड’ दिसतो. नोटीस नाही, फोन नाही. घरभाडं, मुलाची फी, सगळं परत. एकट्याचं देणं आणि दोघांचं खातं यांची अशी परस्पर वजावट होत नाही. देणं आणि घेणं त्याच व्यक्तीचं, त्याच नात्याने असावं लागतं, हे बँकिंगच्या पहिल्या परीक्षेत तुम्हीच लिहून पास झालात. तक्रार लेखी गेली की होल्ड निघतो, असा आमचा अनुभव आहे. मग तो लावताच कशाला?

पाचवी तक्रार घराची, आणि इथे आकडे मांडतो, कारण ते पाहून तुमच्यातल्या काहींचं तरी मत बदलेल. नवऱ्याचा हातात येणारा पगार ५०,०००, बायकोचा ४५,०००. बेसा किंवा मनीषनगरकडे फ्लॅट बघताहेत. साधारण निम्मा पगार हप्त्यांत जाऊ देतात असं धरू, म्हणजे ४७,५००. गृहकर्ज ८.५ टक्के, २० वर्षं, लाखाला ८६८ रुपये हप्ता. शैक्षणिक कर्ज नसतं तर दोघांना मिळून ५४ लाखांपर्यंत कर्ज बसतं. शैक्षणिक कर्ज आहे आणि १३,३८० चा हप्ता वेळेवर जातोय, तरी ३९ लाख बसतं. कर्ज थकलं, नवरा बाद, बायको एकटीच अर्ज करते, तर सुमारे २६ लाख. घर लहान होतं, पण होतं. आता थकलेल्या कर्जावर तिचीही सही आहे असं धरा. दोघांचीही नावं खराब. मग बँकेचं कर्ज जवळजवळ बंदच, आणि दारात उभ्या राहतात त्या चढ्या व्याजाच्या कंपन्या. तुम्ही एक सही जास्तीची मिळवली, पण त्या घरातलं एकमेव स्वच्छ नाव घालवलं. ज्या नावावर पुढे काही उभं राहून तुमचंच कर्ज फिटलं असतं, ते नाव. कर्ज वसूल व्हायची शक्यता याने वाढते असं खरंच वाटतं का?

गृहकर्ज त्याच बँकेत आधीच दोघांच्या नावावर असेल तर आणखी वाईट. एनपीए कर्जदारावर ठरतो, खात्यावर नाही. नवऱ्याचं शैक्षणिक कर्ज एनपीए झालं की त्याची त्या बँकेतली सगळी कर्जं एनपीए, घराचे हप्ते वेळेवर गेले असले तरी. आणि ते घर तारण असतं, म्हणजे सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याची) ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. १३,३८० च्या हप्त्यावरून सुरू झालेली गोष्ट बायकोच्या हप्त्यांवर चाललेल्या घरापर्यंत अशी पोचते. शैक्षणिक कर्ज एका बँकेत असेल तर गृहकर्ज दुसऱ्या बँकेत घ्या, असा सल्ला आम्ही लोकांना देतो. तुम्हाला तो आवडणार नाही, पण कारण वरचं आहे.

फोनबद्दल थोडक्यात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन नको, आणि कुटुंबीयांच्या खासगी आयुष्यात घुसून नाचक्की करणं नको, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा बजावलं आहे. जिने कुठेही सही केलेली नाही त्या बायकोच्या ऑफिसात फोन करायचा एजंटाला काहीच अधिकार नाही. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेची.

लोकअदालतीचं मात्र नीट सांगायला हवं. दाव्याआधीची नोटीस कोर्टाच्या समन्ससारखी दिसते, माणसं घाबरून बायकोसकट सिव्हिल लाइन्सला पोचतात. तिथे तडजोडीच्या कागदावर ‘दोघे मिळून भरतील’ असं लिहून बायकोचीही सही घेतली जाते. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच असतो आणि त्यावर अपील नाही. काल कर्जाशी संबंध नसलेली बाई संध्याकाळी हुकूमनाम्यात असते. चेकचंही तसंच. पुढच्या तारखांचे चेक बायकोच्या खात्याचे मागितले जातात. चेक परतला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली आरोपी ती, ज्याचं कर्ज तो नाही. संयुक्त खात्याचा चेक असेल तर ज्याची सही तोच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

एकरकमी तडजोडीत ‘सेटल्ड’ असा शेरा अहवालावर पडतो आणि तो सहकर्जदाराच्या अहवालावरही पडतो. हे तडजोडीच्या पत्रात लिहिलेलं आम्ही क्वचितच पाहिलं आहे. ‘राइट ऑफ’ म्हणजे बँकेने कर्ज आपल्या हिशेबातून काढणं, माफी नव्हे, हेही कोणी सांगत नाही.

कर्जदारांच्या बाजूनेही चुका होतात आणि त्या झाकायच्या नाहीत. कर्ज थकल्यावर घाईघाईने फ्लॅट बायकोच्या नावावर बक्षीसपत्राने करणं चालत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली बँक ते रद्द करून घेऊ शकते, आणि त्या व्यवहारामुळे बायको नाहक कोर्टात ओढली जाते. लग्नाआधी कर्ज लपवणं तर अजिबात समर्थनीय नाही. आणि कर्जदार गेला तर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून कर्ज फेडलं जातं. वारस म्हणून आलेल्या बायकोची जबाबदारी तिला मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. विवाहित स्त्री मालमत्ता कायदा १८७४ खाली घेतलेली विमा पॉलिसी या सगळ्यातून बाहेर राहते, पण तशी नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते, नंतर होत नाही.

आमच्या मागण्या अशा.

लग्नाआधीच्या शैक्षणिक कर्जावर, कर्ज थकल्यानंतर, जोडीदाराची सही मागणं थांबवा. ज्या प्रकरणात ती हवीच असं तुमचं मत असेल तिथे एक पानाचा मराठी कागद आधी द्या : नातं कोणतं (सहकर्जदार की जामीनदार), आजची एकूण बाकी, थकबाकी, खात्याचा वर्ग, आणि ही नोंद तुमच्या सिबिलवर दिसेल हे वाक्य. ग्राहकाला कळेल त्या भाषेत मुख्य अटींचा तक्ता देणं किरकोळ कर्जांना १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक आहेच. मग सहीसाठी नव्याने आणलेल्या माणसाला तो का नको? वाचायला सात दिवस द्या आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत त्याच दिवशी द्या.

ज्यांच्या सह्या आधीच घेतल्या आहेत त्यांचे स्वतःचे मोबाइल नंबर खात्याला जोडा. हे काम एका पंधरवड्यात होण्यासारखं आहे.

जोडीदाराला ओढण्याआधी मुदत वाढवून पाहा. आदर्श योजनेत परतफेड १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. वरच्या उदाहरणात १०,१२,५०० वर १५ वर्षांचा हप्ता १०,८८० होतो, महिन्याला अडीच हजारांनी कमी. व्याज एकूण जास्त जातं, ते सांगून द्या. पण पुष्कळ थकीत खाती एवढ्या फरकाने चालू राहू शकतात.

संयुक्त खात्यावर लेखी नोटिशीशिवाय होल्ड नको. अंशतः भरणा घेताना ‘एवढ्याने खात्याचा वर्ग बदलणार नाही’ हे पावतीवर लिहा. तडजोडपत्रात सिबिलच्या शेऱ्याचा उल्लेख करा. एजंटांना सही न केलेल्या कुटुंबीयांचे नंबर देऊ नका.

यांपैकी काय मान्य आहे आणि काय नाही, हे प्रत्येक शाखेने आपल्या सूचनाफलकावर मराठीत लावावं. मान्य नसेल तर कारणासकट.

कळावे,

नागपुरातील काही करसल्लागार, निवृत्त बँक कर्मचारी व वकील

ता. क. हे पत्र बँकांना आहे, पण उद्या सकाळी शाखेत बोलावणं आलेलं एखादं जोडपंही ते वाचत असेल, म्हणून चार ओळी. सही करण्याआधी खात्याचा पूर्ण उतारा आणि मूळ मंजुरीपत्र मागा. मूळ कर्जात जामीनदार आहे का ते तिथेच कळतं. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. साक्षीदार म्हणूनच सही असेल तर सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात ‘फक्त साक्षीदार’ लिहा. पगाराचं खातं कर्ज नसलेल्या बँकेत, एकट्याच्या नावावर ठेवा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. चारही मागवा आणि तुमचं नाव ‘वैयक्तिक’, ‘संयुक्त’ की ‘जामीनदार’ म्हणून लागलंय ते बघा. चूक असेल तर ऑनलाइन हरकत घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. बँकेविरुद्धची तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी संविधान चौकातल्या इमारतीत अर्ज घेऊन जायची गरज नाही, तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८.